डोळे मिटून चालवायची होडी

वजन विचारून जावई पसंत करणारा मामा अख्ख्या महाराष्ट्रात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. ठाण्याला मुलगी बघायचा कार्यक्रम होता. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी गोत्र विचारलं, काकांनी पगार विचारला. मी कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि डोंबिवलीला राहतो, हे माझं दोनदा सांगून झालं. कोपऱ्यात एक उंच, किडकिडीत, धोतरावर कोट चढवलेले गृहस्थ मघापासून माझ्याकडे डोळे किलकिले करून बघत होते. ते एकदम म्हणाले, "वजन किती?" मी चाचरत म्हटलं, "असेल सव्वादोन मण." "असेल म्हणजे? कधी केलं होतं?" मला आठवेना. "कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीतला काटा आत्ता उघडा असतो," असं म्हणत ते उठलेसुद्धा. मुलीच्या वडिलांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. निघताना मात्र ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "मुलगी गुणाची आहे, होय म्हणून टाका. आणि लग्नापर्यंत वजन उतरू देऊ नका." हे मुलीचे सख्खे मामा. पुढे आमची ही सहज बोलता बोलता म्हणाली की घरात तीन स्थळं आली होती आणि बाकीचे दोघे अंगाने बारीक होते.

मामा ठाण्यात एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. हात असा की काढलेली रेघ पट्टीने तपासावी तर पट्टीच वाकडी वाटावी. त्या हातावर खूश होऊन एका गोऱ्या इंजिनियरने त्यांच्याकडून घरची दोन-चार चित्रं काढून घेतली होती. देश स्वतंत्र झाला, साहेब विलायतेला निघाला, आणि जाताना आपली शिडाची होडी मामांना देऊन गेला. होडी जेमतेम बारा हात लांब, पण दिसायला देखणी. सगळी मेख तिच्या पोटाखाली होती. तिथे बिडाचा एक जाड, जड पंखा जोडलेला होता. साहेब त्याला कील म्हणायचा. आता ठाण्याची खाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, की तिथे दिवसातून दोनदा पाणी निघून जातं आणि उरतो तो नुसता चिखल. म्हणून तिथल्या कोळ्या-आगऱ्यांच्या होड्या बुडाला सपाट. ओहोटी लागली की म्हशीसारख्या चिखलात बसतात आणि भरती आली की उठतात. अशा खाडीत पोटाखाली अडीच हात लोखंड लोंबणारी होडी बाळगणं म्हणजे काय, हे चेंदणीच्या बंदरावर सगळ्यांना कळत होतं, एक मामा सोडून. पलीकडे विटाव्याला राहणारा धर्मा म्हणून एक आगरी होता. मिठागरावर काम करायचा आणि फावल्या वेळात मामांच्या होडीवर नजर ठेवायचा. तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "जावय, होरी चांगली हाय. फकत खारी दुसरी पायजे."

पण मामांना ही होडी शिकायची घाई होती, आणि तिचं कारण त्यांनी मला पहिल्याच फेरीत सांगून टाकलं. लग्नानंतरचा दुसरा की तिसरा रविवार. होडी खाडीच्या मध्यावर आली, शीड भरलं, आणि मामा सुकाणूवर हात ठेवून डोळे मिटून बसले. मी घाबरलो. मला वाटलं, घेरी आली. "मामा! मामा!" "ओरडू नका हो. शिकतोय मी." मग मिटल्या डोळ्यांनीच, बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं, की त्यांना काचबिंदू झाला आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी पाच-सहा वर्षं दिली आहेत. आधी कडा जातील, मग मधलं. "नकाशे मला काढता येणार नाहीत, त्याचं काही नाही. तीस वर्षं काढले, आता दुसऱ्यांनी काढावेत. पण खाडीवर यायचं मी सोडणार नाही. डोळे आहेत तोवर ही होडी मला इतकी समजली पाहिजे, की डोळे गेल्यावरही मी एकटा निघेन आणि एकटा परत येईन. कुणाचा हात न धरता." मी विचारलं, "मग मी कशाला?" मामा म्हणाले, "हिला वाऱ्याकडच्या बाजूला वजन लागतं. तूर्त तुम्ही आहात. नंतर वाळूची पोती टाकेन." खरं सांगतो, मला त्यांच्या डोळ्यांचं इतकं वाईट वाटत होतं, की आपली जागा पुढे पोती घेणार आहेत याचा राग यायला मला डोंबिवली गाठावी लागली.

मामींना ही होडी बिलकुल चालायची नाही. त्या तिला सरळ सवत म्हणायच्या. "गेले का सवतीकडे?" असं शेजारणीने विचारलं की "गेले, आणि जावयालाही घेऊन गेले," असं त्या सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगायच्या. स्वतः कधी तिच्यात पाय ठेवला नाहीच, बंदरावरसुद्धा आल्या नाहीत. होडी उलटेल ही त्यांची एकच धास्ती. ती घालवायला मामांनी एकदा घरच्या हौदावर प्रयोग केला. कणीक मळायची लाकडी काठवट घेतली, तिच्या बुडाला सुतळीने वरवंटा बांधला, आणि ती हौदात सोडली. मग आत कोणीतरी बसायला हवं म्हणून देवघरातून बाळकृष्ण आणून काठवटीत ठेवला. आणि काठवट एका बाजूने दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. काठवट कलायची आणि झटकन सरळ व्हायची. "बघ! वजन खाली आहे तोवर उलटत नाही. बुडाला का तुझा देव? नाही ना?" मामी तिथेच रडायच्या बेतात आल्या. "अहो, देवाला हौदात काय घालता? आणि माझा वरवंटा!" बाळकृष्णाला पंचामृताने अंघोळ घातली तेव्हा कुठे घर शांत झालं. वरवंट्याची सुतळी मात्र ओली होऊन अशी आवळली होती, की ती कापेपर्यंत त्या दिवशी चटणी झाली नाही. मामांच्या मते प्रयोग पूर्ण यशस्वी झाला होता.

जावयाचा मान म्हणून आपल्याकडे काय काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मला दिवाळसणाला मामांनी काय दिलं असेल? काथ्या भरलेली कॅनव्हासची गादी. होडीच्या फळीवर बसून हाडं दुखू नयेत म्हणून. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि खाडीवरचा मान तर विचारूच नका. "जावईबापू, दोन बोटं मागे." "जावईबापू, श्वास सोडून बसा, इतके फुगू नका." वारा ज्या बाजूने येतो ती वरची बाजू, होडी कलते ती खालची. मी सतत वरच्या बाजूला. होडीने तोंड फिरवलं की बाजू बदलते, म्हणजे मी पोट सावरत, शिडाखालून रांगत पलीकडे जायचं. शाळेत ज्या मास्तरांना बघून पोरं चिडीचूप व्हायची, ते मास्तर दर रविवारी असे चार पायांवर चाललेले धर्माने शंभरदा पाहिले असतील. त्याच्या तोंडून हे कल्याणपर्यंत पोचू नये अशी मी देवाची प्रार्थना करत असे. चिडचिड तर व्हायचीच. दर रविवारी परतताना मी ठरवायचो, बस्स, आता पुरे. आणि गुरुवार उजाडला की मामांचं कार्ड यायचं. त्यावर फक्त वेळ लिहिलेली असे, आणि खाली "हजर राहणे."

होडीच्या स्वभावाची मामांनी एक वही केली होती. स्वभाव हा त्यांचाच शब्द. रेघा मारलेल्या वहीत सुबक अक्षरात लिहिलेलं असे: "वारा मंद असता आळशी. ढकलल्यावाचून उठत नाही. परंतु एकदा चालू लागली की थांबवणे कठीण." "प्रथम चटकन कलते. नवख्यास भय वाटते. अर्धी कलल्यावर हट्टास पेटते व पुढे कलत नाही." हे दुसरं वाक्य मी स्वतः भोगलं होतं. पहिल्या जोराच्या वाऱ्याला ती अशी झुकली की मी रामरक्षा सुरू केली. पण अर्ध्यावर येऊन ती जी थांबली ती थांबलीच, आणि मामा म्हणाले, "झालं. आता वाऱ्याने कितीही डोकं आपटलं तरी ती ऐकायची नाही." तिच्या एका गुणावर तर त्यांचा फार जीव होता. सुकाणू हातातून सोडलं की ती आपण होऊन वाऱ्याकडे नाक वळवायची, शीड फडफडायला लागायचं, आणि ती जागच्या जागी उभी राहायची. "दुसरी एखादी अशा वेळी वाऱ्याबरोबर उधळली असती. हिला सोडलं तर ही थांबते. घरंदाज आहे, घरंदाज!" म्हणून सुकाणू नेहमी हाताला किंचित ओढ देत असे. ती ओढ किती, यावरून मामा वारा किती, कलणं किती, चाल किती, सगळं सांगायचे. ओढ तळहाताला लागली तर ठीक, मनगटाला लागली तर शीड जास्त झालं, खांद्याला लागली तर शीड उतरवा. गालाला वारा कुठे लागतो, शिडाची कड कधी थरथरते, बुडाखालचं पाणी कधी कुजबुजतं आणि कधी बोलतं, याची पानंच्या पानं त्यांनी भरली होती. मी गणिताचा माणूस. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटायचा. वर्षभराने मी मामांना म्हटलं, "आज मनगटाच्या जरा वर लागतंय," आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं.

वहीतला एक शोध तर केवळ माझ्या खादाडपणामुळे लागला. मामींनी थालीपिठांचा डबा दिला होता आणि तो घसरत घसरत खालच्या बाजूला गेला होता. मामा डोळे मिटून बसलेत असं बघून मी हळूच खाली सरकलो आणि डब्याचं झाकण काढलं. तर होडी जास्त कलली आणि तिने सरळ वाऱ्याकडे तोंड फिरवायला घेतलं. मामांनी डोळे उघडले. आता बोलणी बसणार म्हणून मी थालीपीठ पाठीमागे लपवलं. पण मामांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "सुकाणू मी तसूभर हलवलं नव्हतं! काय केलंत तुम्ही?" "डबा उघडला." "परत उघडा!" त्या दिवशी मी सहा वेळा वर बसलो आणि सहा वेळा डबा उघडला. खाली सरकलो की होडी वाऱ्याकडे वळे. वर बाहेर झुकून बसलो की वाऱ्यापासून दूर जाई. म्हणजे नुसत्या बसण्याने ती वळवता येत होती. मामांनी सगळं लिहून घेतलं. थालीपिठं संपली होती, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

इतकं सगळं शास्त्र जाणणारा हा माणूस एका सकाळी साफ फसला, आणि तोही मामींच्या स्वयंपाकघरामुळे. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. आजच्या तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, म्हणजे भरती किती वाजता ते येतं. खाडीच्या टोकाला पाणी पोचायला वर अर्धा तास. मामा पंचांग क्वचितच उघडत. मामींचे उपास इतके कडक, की घरात काय शिजतंय त्यावरून तिथी कळायची. त्या रविवारी सकाळी सातला मी पोचलो तर मामींची पारण्याची पानं मांडलेली. वरण-भात, अळूची भाजी, शेवयांची खीर. पारणं आहे म्हणजे द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. वर अर्धा तास. मामांनी हिशोब केला, आणि त्यावरून परतायची वेळ ठरवली. पोटं टम्म भरलेली, म्हणून डबा नको म्हटलं. घोळ असा झाला होता की त्या पंधरवड्यात एकादश्या दोन आल्या होत्या. मामी स्मार्त. त्यांनी शनिवारी उपास करून रविवारी सोडला. पण पंचांगात रविवारीही एकादशीच चालू होती. ती भागवत एकादशी. म्हणजे पाणी आमच्या हिशोबाच्या पाऊण तास आधीच फिरलं होतं. आम्ही ऐटीत परत येतो आहोत, मामा डोळे मिटून "आता पाणी बुडाखाली भरपूर आहे" असं म्हणताहेत, आणि खालून खर्रर्र आवाज आला. होडी थांबली. मग सावकाश, अगदी मानाने, ती एका कुशीवर पडली.

दुपारचे बारा वाजायचे होते. आजूबाजूचं पाणी डोळ्यांदेखत निघून गेलं आणि चारी बाजूंना चकचकीत चिखल. होडी अशी आडवी की बसायची फळी भिंत झाली होती. आम्ही दोघं त्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसलो. मामांनी चार वेळा बारा त्रिक छत्तीस केलं. उत्तर बरोबर येत होतं. तीन वाजता माझी भूक मला ऐकू यायला लागली. तेवढ्यात धर्मा एका फळीवर रेलून चिखलातून सरकत सरकत आला. हातात फडक्याची पुरचुंडी. "मामा, पानी तं कवाच उतराला लागला. तुमी बसलाव कशाला?" मामा म्हणाले, "अरे, आज द्वादशी ना?" धर्माने पुरचुंडी सोडली. आत उकडलेली रताळी आणि भुईमुगाचे दाणे होते. धर्माच्या गळ्यात वारकऱ्याची माळ होती. "द्वादशी उद्या. आज मना उपास हाय. खाव जरा." पारण्याची खीर पोटात घेऊन आम्ही एकादशीची रताळी खाल्ली. मामांनी शेवटचं रताळं सोलता सोलता मला सांगितलं, "लिहून घ्या. भरतीची तिथी मिठागरावर विचारावी, घरात विचारू नये." संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी आलं आणि आमची घरंदाज होडी झटकन उठून बसली. मामींना आम्ही सांगितलं, की वारा पडला होता.

अशी वर्षं गेली. मामांच्या डोळ्यांच्या कडा गेल्या. बाजारात ते कोपऱ्यांना, हातगाड्यांना, माणसांना धडकायला लागले, आणि धडकल्यावर मागे सरून, दोन होड्या आपटाव्यात तसं, "माझी चूक, तुमचा वारा" असं काहीतरी म्हणायचे. समोरचा चक्रावून जायचा. एका सकाळी कचेरीत त्यांनी काढलेल्या दोन रेघा एकमेकींवर चढल्या. साहेबांना दिसायच्या आधी त्या मामांना दिसल्या. त्याच दिवशी त्यांनी मुदतीआधी पेन्शनीचा अर्ज दिला आणि दौत, लेखण्या शिपायाच्या मुलीला देऊन घरी आले. हे मला मामींनी सांगितलं. मामा त्या रविवारी फक्त एवढंच म्हणाले, की आता शनिवारीही यायला हरकत नाही. रस्त्याने चालताना मी त्यांचा हात धरायला जायचो, तर ते हात काढून घ्यायचे. मला त्याचं फार लागायचं. पण पाण्यावर गेले की तोच माणूस ताठ, हसरा. मामांची खुर्ची जणू तिथेच मांडलेली होती. डोळे उघडे आहेत की मिटलेले, मला पुष्कळदा कळायचंही नाही.

लग्नानंतरच्या सहाव्या हिवाळ्यात मामांनी परीक्षा ठरवली. आता समोर नाण्याएवढाच उजेड उरला होता. "तोही नको. फडकं बांधतो. चेंदणीवरून निघायचं, मिठागराच्या बांधापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. हूं नाही की चूं नाही. हे जमलं तर पुढच्या आठवड्यापासून वाळूची पोती." त्या दिवशी पहिल्यांदाच मामी बंदरावर आल्या. माशांच्या एका उलट्या पाटीवर बसल्या आणि मामांच्या डोळ्यांना फडकं मात्र त्यांनीच बांधलं.

मी उगाच कौतुक करत नाही, मामांनी ती होडी काय नेली म्हणून सांगू! वारा कळव्याच्या बाजूने, बेताचा, एकसारखा. नांगर उचलला, शीड भरलं, आणि मामा मान किंचित वाकडी करून वारा कानाला लावून बसले. कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मागे पडला तसं त्यांनी थोडं डावीकडे घेतलं. मग मनातल्या मनात आकडे मोजत राहिले. मिठागराच्या उघडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी पडतं त्याचा आवाज आल्यावर त्यांनी सुकाणू लोटलं, होडी तोंड फिरवून वाऱ्यातून पार झाली, मी माझा मान राखत रांगत पलीकडे गेलो, आणि आम्ही परतीला लागलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जमलं की हो यांना! मामांच्या ओठांवर हसू होतं. तेवढ्यात मला पुढे खुंट दिसले.

मासे पकडायला जाळी बांधतात ते खुंट, सात-आठ, पाण्याबाहेर हातभर आलेले. मागच्या रविवारी ते तिथे नव्हते. कोणीतरी मधल्या दिवसांत ठोकले होते. होडी नेहमीच्या वाटेने, मामांच्या डोक्यातल्या नकाशाप्रमाणे, थेट त्यांच्यावर निघाली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोललो तर परीक्षा गेली. सहा वर्षं गेली. न बोलावं तर होडी फुटणार. आणि मग माझ्या अंगाने काय करायचं ते आपलं आपणच केलं. मी हळूच, गादीचा आवाज न होऊ देता, खालच्या बाजूला सरकलो. एक वीत, आणखी एक वीत. होडी जास्त कलली. तिने सावकाश वाऱ्याकडे नाक वळवलं. खुंट डाव्या अंगाने, हाताला लागतील इतक्या जवळून, एकामागून एक मागे गेले. पाणी त्यांच्याभोवती खुळखुळत होतं. मी परत वर जाऊन बसलो. मामांच्या ओठांवरचं हसू गेलं होतं. कोळीवाड्याचा वास आला, त्यांनी शीड सोडलं, होडी वाऱ्याकडे तोंड करून बंदराशी उभी राहिली, आणि धर्माने वरून दोर फेकला आणि "वा मामा, वा!" म्हणून टाळी वाजवली.

बंदरावरून घराकडे आम्ही तिघं चालत होतो. मामा मध्ये. मग मामा म्हणाले, "किती होते?"

"काय किती?"

"खुंट. पाण्याच्या आवाजावरून मी सहा मोजले."

मी म्हटलं, "आठ असतील. मामा, मी एक शब्दही बोललो नाही."

"नाही बोललात. शब्दाचा पक्का माणूस आहात तुम्ही." ते थांबले. "होडी मला समजली होती हो. तिची काही चूक नाही. ती मला वारा सांगेल, पाणी सांगेल, स्वतःचं सगळं सांगेल. पण परवा कोणी येऊन खुंट ठोकले, ते तिने मला कुठून सांगावं? खाडी पाठ होत नाही, जावईबापू. नापास झालो मी."

सहा वर्षांत मी या माणसाला हरलेलं पाहिलं नव्हतं, आणि आज जिंकता जिंकता हरलेला बघून मला तिथेच रस्त्यात रडू येईल असं वाटायला लागलं. मामी मात्र चालता चालताच म्हणाल्या, "नापास झालात ना? बरं झालं."

"बरं झालं?"

"पास झाला असतात तर एकटे गेला असतात."

कोपऱ्यावर वळताना एक हातगाडी आली. मी नेहमीसारखा हात पुढे केला आणि नेहमीसारखा मागे घेणार होतो, तेवढ्यात त्यांनी माझं कोपर धरलं. बोटं चांगली घट्ट होती, सुकाणूवर असायची तशी. घर येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. दाराशी आल्यावर म्हणाले, "येत्या रविवारी भरती साडेदहाला आहे. धर्माला विचारून घेतलंय."

मी "बरं" म्हटलं आणि स्टेशनच्या दिशेने निघालो. पाच पावलं गेलो असेन, तर मागून हाक आली. मामा उंबऱ्यात उभे होते, तोंड माझ्या जरा डावीकडे करून, मी नक्की कुठे आहे ते न कळून.

"याल ना?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी मागे फिरलो, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "येईन, मामा." मग त्या आठवड्यात मला राहवलंच नाही, आणि मी शनिवारीच गेलो.